कोपराचे कोडे

जेफ पासन या क्रीडापत्रकाराचे 'द आर्म' हे पुस्तक २०१६ साली बाहेर आले तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांतून त्याचे भरपूर कौतुक झाले. ते बव्हंशी योग्यच होते. बेसबॉलमधल्या पिचरचा हात, त्या हाताच्या कोपरातला एक चिमुकला अस्थिबंध, तो तुटला की करायची शस्त्रक्रिया आणि या साऱ्याभोवती फिरणारा पैसा हा पुस्तकाचा विषय. सांगलीत क्रिकेटवर वाढलेली माझ्यासारखी बाई या पुस्तकाच्या वाटेला गेली याचे कारण सरळ आहे. आमच्या घरात एक बारा वर्षांचा डावखुरा पिचर आहे. शिवाय माझी पीएच.डी. धातूंच्या थकव्यावरची. पोटापाण्याचा धंदा पुढे सॉफ्टवेअरचा झाला, पण एखाद्या वस्तूवर पुन्हा पुन्हा ताण दिला की ती कधी आणि का तुटते, हा प्रश्न कुठे दिसला की अजून हात शिवशिवतात. पुस्तक मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात भीती वाटली. दुसऱ्या वाचनात थोडा राग आला, आणि त्या रागाचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख लिहायला घेतला. सोबतीला याच विषयावरची दोन जुनी पुस्तके घेतली आहेत. एक मार्क हायमन यांचे 'अंटिल इट हर्ट्स' (२००९) आणि दुसरे मायकेल सोकोलोव यांचे 'वॉरियर गर्ल्स' (२००८).

ज्यांच्या घरी बेसबॉल नाही त्यांनी पान उलटू नये, ही विनंती. आपल्या मंडळींची मुले आता क्रिकेट अकादमीत जातात, मुली सॉकर खेळतात, कुणी पहाटे साडेपाचला पोहायला जाते. कोपराच्या जागी पाठ, गुडघा किंवा खांदा घातला तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला. तोवर असा हात म्हणजे कारकिर्दीची अखेरच. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्या उजव्या मनगटाजवळची एक कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांत भोके पाडली आणि त्यांतून ती ओवून नवा अस्थिबंध तयार केला. यश येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक धरली होती. टॉमी जॉन १९७६ मध्ये मैदानात परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याने जिंकलेल्या एकूण २८८ सामन्यांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. डॉक्टरचे नाव मागे पडून रोग्याचे नाव पुढे आले, असे वैद्यकात क्वचितच होत असावे.

पासन यांनी ही सगळी कथा तर सांगितली आहेच, पण पुस्तकाचा कणा आहे तो दोन माणसांचा. डॅनियल हडसन आणि टॉड कॉफी. दोघेही व्यावसायिक पिचर, दोघांचाही तोच अस्थिबंध दुसऱ्यांदा तुटलेला. त्यांच्या शस्त्रक्रियेपासून पुनरागमनाच्या धडपडीपर्यंत लेखक त्यांच्या मागे राहिला आहे. हडसनचा हात पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सावरत आला आणि परतीच्या वाटेवर पुन्हा गेला, तो भाग वाचताना घशाशी आवंढा येतो. पत्रकाराने चिकाटी धरली तर काय मिळू शकते याचा हा नमुना आहे. मेजर लीगचे संघ दरवर्षी पिचरांवर दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च करतात आणि तरी त्यांचे हात का तुटतात हे त्यांना सांगता येत नाही, हे पासन यांचे मुख्य सांगणे. पुस्तकाच्या उपशीर्षकातच 'मिस्टरी' हा शब्द आहे. कोडे, गूढ.

माझा मतभेद आहे तो या शब्दाशी.

इंजिनियरिंगमध्ये आम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकतो. एकाच भट्टीतल्या पोलादाच्या शंभर पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीवर तोच ताण लाख लाख वेळा दिला, तर त्यांतली कोणती पट्टी आधी तुटेल हे कुणीही सांगू शकत नाही. एक पन्नास हजार फेऱ्यांत जाते, दुसरी पाच लाख फेऱ्या काढते. हे खरोखरच कोडे आहे. पण ताण वाढवला की जास्त पट्ट्या लवकर तुटतील, हे मात्र कोडे नाही. ते दीडशे वर्षांपासून माहीत आहे, आणि त्याच ज्ञानावर आपण विमानात निर्धास्त झोपतो. हडसनचा हात दुसऱ्यांदा का गेला आणि त्याच्याइतकेच चेंडू टाकणाऱ्या दुसऱ्याचा का गेला नाही, हे पहिल्या जातीचे कोडे. बारा-चौदा वर्षांच्या मुलांचे हात का दुखावतात हा दुसऱ्या जातीचा प्रश्न आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर हाती आहे. पासन हे दोन्ही प्रश्न एकाच पेटीत ठेवतात आणि पेटीवर 'गूढ' अशी चिठ्ठी लावतात.

उत्तर किती जुने आहे पाहा. 'लिटल लीग एल्बो' हा शब्द क्ष-किरण तज्ज्ञांनी १९६० मध्येच वापरला. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या डॉ. जोएल ॲडम्स यांनी ९ ते १४ वर्षांच्या १६२ मुलांच्या कोपरांचे एक्स-रे काढले. काही पिचर, काही इतर जागी खेळणारे, काही बेसबॉल न खेळणारे. हाडांतले बदल पिचर मुलांत ठळक दिसले. म्हणजे टॉमी जॉनच्या शस्त्रक्रियेच्याही नऊ वर्षे आधी ही गोष्ट छापून आली होती. या वयात कोपराच्या आतल्या उंचवट्याशी हाडाची वाढ व्हायची जागा अजून मऊ कूर्चेची असते. मोठ्या माणसात ताणाने अस्थिबंध जातो, लहान मुलात त्याआधी ही मऊ जागा ओढली जाते. पंधरा-सतराच्या सुमारास ती हाडात मिसळून पक्की होते, आणि मग पाळी येते अस्थिबंधाची.

आता आकड्यांकडे. अलाबामातल्या बर्मिंगहॅम येथे डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी उभी केलेली एक संशोधन संस्था आहे. तिथले ग्लेन फ्लायसिग हे मुळात इंजिनियर, म्हणून मला जरा जवळचे वाटतात. त्यांनी १९९५ साली प्रौढ पिचरांच्या फेकीचे मोजमाप करून दाखवले की चेंडू टाकताना कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. साध्या भाषेत, एक मीटर लांब दांडीच्या टोकाला साडेसहा किलोचे ओझे बांधून ती दांडी कोपराने तोलावी, तेवढा. मृतदेहांच्या कोपरांवर प्रयोगशाळेत केलेल्या चाचण्यांत तो अस्थिबंध साधारण ३२ न्यूटन-मीटरला तुटतो. म्हणजे प्रत्येक फेकीत तो तुटायलाच हवा! तो तुटत नाही, कारण हाताचे स्नायू आणि हाडांची रचना ओझे वाटून घेतात. स्नायू दमले की वाटणी बिघडते. एखादा पूल मंजूर भाराच्या दुप्पट वाहतूक सहन करतो आहे आणि त्याला धरून ठेवणारे टेकू दर अर्ध्या तासाने कमकुवत होताहेत, असे चित्र कुणी नगरपालिकेपुढे ठेवले तर पूल त्याच दिवशी बंद होईल.

दमलेल्या हाताचा हा मुद्दा नुसता तर्काचा नाही. फ्लायसिग आणि अँड्र्यूज यांच्या गटाने २००६ मध्ये शस्त्रक्रिया झालेले ९५ तरुण पिचर आणि दुखापत न झालेले ४५ यांची तुलना प्रसिद्ध केली. वर्षात आठ महिन्यांहून अधिक काळ पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट, आणि हात दमलेला असताना वारंवार पिचिंग करणाऱ्यांत छत्तीसपट आढळली. इथे सावध राहायला हवे. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला नंतर विचारले की बाबा रे, तुझा हात दमत होता का, तर तो हो म्हणणारच. त्यामुळे छत्तीस हा आकडा मी जसाच्या तसा घेत नाही. पण २०११ साली त्यांचाच दुसरा अभ्यास आला, त्यात हा दोष नाही. ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचरांवर दहा वर्षे लक्ष ठेवले होते. पाच टक्क्यांना गंभीर इजा झाली, म्हणजे कोपराची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया, नाहीतर त्यापायी खेळ सोडणे. वर्षाला १०० इनिंग्जहून अधिक पिचिंग करणाऱ्यांत हे प्रमाण साडेतीनपट होते. गंभीर इजांची एकूण संख्या लहान, म्हणून हा साडेतीनही दगडावरची रेघ नव्हे. तरीही दिशा स्पष्ट आहे. आणि एक दिलासा यातच आहे, जो भीतीने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो: पंच्याण्णव टक्क्यांना असे काही झाले नाही.

हे सर्व अभ्यास पासन यांना ठाऊक आहेत, फ्लायसिग त्यांना भेटले आहेत, पुस्तकात त्यांची बाजू आली आहे. मग गूढाचा आग्रह का? मला वाटते, गूढ पुस्तकाला लागते. चारशे पाने वाचकाला ओढून न्यायची तर दर प्रकरणाच्या दाराआड काहीतरी दडलेले असावे लागते. 'लहान मुलांना कमी फेकू द्या, वर्षातून चार महिने हात विसावू द्या' हे उत्तर पहिल्याच पानावर सांगितले तर पुस्तक संपले. लेखकाची ही अडचण मी समजू शकते. पण तिचा परिणाम असा होतो की वाचणारा बाप पुस्तक मिटतो आणि म्हणतो, तज्ज्ञांनाच कळत नाही तिथे आपण काय करणार, चल बाळा, शनिवारी टूर्नामेंट आहे.

पुस्तकातला सर्वांत चांगला भाग जपानचा आहे, आणि आपल्या लोकांनी तो मुद्दाम वाचावा. कोशिएन ही तिथल्या शाळांची राष्ट्रीय स्पर्धा. आपल्याकडे हॅरिस शील्डचे मुंबईत जे स्थान होते त्याला हजाराने गुणावे, तेव्हा तिच्या लोकप्रियतेची कल्पना येईल. २०१३ च्या वसंतातल्या कोशिएनमध्ये तोमोहिरो अनराकु या सोळा वर्षांच्या मुलाने नऊ दिवसांत पाच सामन्यांत ७७२ चेंडू टाकले. त्याआधी १९९८ मध्ये दाइसुके मात्सुझाका याने एका सतरा इनिंग्जच्या सामन्यात २५० चेंडू टाकले होते आणि तो देशाचा लाडका झाला होता. २०११ साली त्याच्या कोपरावर तीच टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. चेंडू टाकत राहायचे, शरीर थकून गळेपर्यंत टाकायचे, म्हणजे हातात अचूकता मुरते आणि मनात निश्चय मुरतो, अशी तिथल्या जुन्या प्रशिक्षकांची श्रद्धा. अमेरिकन वाचकाला हे सारे विलक्षण वाटते. मला मात्र ते अगदी घरचे वाटले. हा आपला रियाजच! तबल्याचा कायदा बोटे सुजेपर्यंत घोटायचा, पाढे झोपेत म्हणता येईपर्यंत म्हणायचे. आचरेकर सर सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरचा सामना संपला की दुसऱ्या मैदानावर घेऊन जात, ही गोष्ट आमच्या पिढीने रामायणातल्या गोष्टीसारखी ऐकली आहे. ती खरी आहे आणि सुंदरही आहे. पण त्या स्कूटरवर बसलेला एकच मुलगा आपल्या लक्षात राहतो. शिवाजी पार्कवर त्याच वर्षांत किती खांदे आणि किती पाठी घरी गेल्या, त्याची गोष्ट कोण सांगणार? शिवाय सचिन मुख्यतः फलंदाज. बॅट फिरवणे आणि ताशी नव्वद मैलांनी चेंडू फेकणे यांत शरीराला पडणाऱ्या ताणाचा फरक जमीन-अस्मानाचा आहे.

जपानबद्दल एक भर घालायला हवी, कारण ती पुस्तकानंतरची आहे. तिथल्या शालेय बेसबॉल महासंघाने २०२० पासून एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली. पाचशे म्हणजे काही कमी नव्हेत, पण श्रद्धेला आकडा लागला हेच पुष्कळ.

अमेरिकेतला प्रकार उलट आहे. इथे नियम आहेत, श्रद्धा नाही. लिटल लीगने २००७ पासून इनिंग्जऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ आणि ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस सुट्टी. २०१४ मध्ये मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी 'पिच स्मार्ट' ही नियमावली काढली. तिच्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला बारा महिन्यांत सर्व संघ मिळून ८० इनिंग्ज आणि वर्षातून किमान चार महिने पिचिंगला रजा असे सांगितले आहे. माझ्या व्यवसायाच्या भाषेत हे देखभालीचे वेळापत्रक झाले, आणि ते चांगले आहे. धातू आणि हाड यांत एक मोठा फरक असतो. धातूत पडलेली सूक्ष्म भेग आपोआप बुजत नाही, हाडातली बुजते. मात्र तिला वेळ द्यावा लागतो. विश्रांतीच्या दिवसांत खेळ थांबलेला दिसतो, पण हात बांधला जातो तो त्याच दिवसांत.

घोडे अडते ते 'सर्व संघ मिळून' या तीन शब्दांत. ही बेरीज करायची कुणी? आमच्याच घरचे सांगते. गेल्या वसंतात मुलगा गावच्या लीगमध्ये खेळत होता आणि एका ट्रॅव्हल टीममध्येही. दोन्हीकडे चेंडू मोजणारे भले पालक होते. हातात क्लिकर घेऊन बाकावर बसण्याचे काम मीही केले आहे. पण गुरुवारचे ५८ लीगच्या वहीत आणि शनिवारचे ६२ ट्रॅव्हल टीमच्या वहीत. दोन्ही वह्या आपापल्या परीने निर्दोष! मी माझी तिसरी वही घेऊन शनिवारच्या प्रशिक्षकांकडे गेले. ते हसून म्हणाले, "पण आमच्यासाठी तर त्याने या आठवड्यात एकही चेंडू टाकलेला नाही, तो ताजातवाना आहे." माणूस सज्जन आहे, मुलांवर जीव आहे, आणि त्याचे वाक्य त्याच्या वहीपुरते खरे होते. मी मुलाला त्या दिवशी फर्स्ट बेसवर उभे केले, आणि शरद ऋतूतला बेसबॉल आम्ही बंद केला. मुलगा चार दिवस बोलला नाही. त्या सुमारास माझे वडील सांगलीहून आले होते. आयुष्यभर ऊस आणि हळद केलेला माणूस. त्यांना बेसबॉलमधले ओ का ठो कळत नाही, पण ते म्हणाले, "अगं, जमीनसुद्धा एखादं वरीस पड ठेवतो आपण. त्यात एवढं रुसायचं काय?" नातवाला 'पड' म्हणजे काय ते इंग्रजीत समजावून सांगताना आजोबांची करमणूक झाली.

ही न होणारी बेरीज पासन यांच्या पुस्तकात अर्धीच दिसते. 'परफेक्ट गेम' या आयोवात सुरू झालेल्या कंपनीवर त्यांनी लिहिलेले पान न पान वाचण्यासारखे आहे. ही कंपनी देशभर शोकेस आणि स्पर्धा भरवते, मुलांना क्रमांक देते, रडारगनवर त्यांचा वेग नोंदते. तिथे पोचलेल्या चिमुरड्यांचे वर्णन वाचताना पासन यांची लेखणी चांगलीच धारदार झालेली जाणवते. पण सगळा दोष विक्रेत्यावर टाकला की गिऱ्हाईक सुटते. हे गिऱ्हाईक कोण? दर महिन्याचे हप्ते आणि हॉटेलची बिले परवडणारे, मुलाच्या 'डेव्हलपमेंट'ची तक्त्यात नोंद ठेवणारे, कॉलेजच्या अर्जावर नजर ठेवून असणारे घर. म्हणजे वाचकहो, आपलेच की! डेव्हलपमेंट हा शब्द आपण ऑफिसातून घरी आणला. ऑफिसात त्याला रिलीजची तारीख असते. मुलाच्या कोपरातली मऊ जागा पक्की होण्याची तारीख कुठल्याच प्रशिक्षकाच्या कॅलेंडरात नसते.

मार्क हायमन यांचे पुस्तक इथे पासन यांच्या पुढे जाते, जरी लेखन म्हणून ते साधे आहे. हायमन स्वतः क्रीडापत्रकार, मुलाच्या संघाचे प्रशिक्षक, आणि त्यांच्या मुलाच्या कोपरावर अठराव्या वर्षी टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. दुखरा हात घेऊन पोराला मैदानात उभे करणारा बाप कसा विचार करतो हे त्यांनी आतून लिहिले आहे, स्वतःला सूट न देता. लिटल लीगचे संस्थापक कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला पोरांसाठी हा खेळ मांडला आणि पुढे १९५० च्या दशकात व्यापारीपणाला कंटाळून तेच आपल्या संस्थेपासून दूर झाले. हा इतिहास माहीत असला की आजच्या गोष्टी आज सुरू झाल्या नाहीत हे कळते. हायमन यांची कमतरता अशी की ते मोठ्यांच्या वेडाबद्दल बोलतात आणि वेडावर उपाय म्हणून शहाणपण सुचवतात. शहाणी माणसेसुद्धा दोन वह्यांच्या मध्ये हरवतात, हे त्यांच्या मांडणीत नाही.

'वॉरियर गर्ल्स' तिन्हींत मला सर्वांत उपयोगी वाटले, आणि त्याच्यावर टीकाही सर्वांत जास्त झाली. सोकोलोव यांनी मुलींच्या गुडघ्यांबद्दल लिहिले आहे. एमी स्टेडमन ही नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात निवड झालेली, राष्ट्रीय पातळीवरची सॉकर खेळाडू. गुडघ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया होऊन तिचा खेळ कॉलेजातच संपला. मुली खेळांत आत्ता कुठे बरोबरीला येत असताना त्यांचे शरीर नाजूक असल्याचे सांगणारे हे पुस्तक घातक आहे, असा आक्षेप घेतला गेला. मला तो पटत नाही. सोकोलोव मुलींना घरी बसा म्हणत नाहीत. सांता मोनिकातल्या डॉक्टरांनी तयार केलेला उड्या आणि वळणांचा साधारण वीस मिनिटांचा व्यायाम सरावाआधी केला तर गुडघ्याच्या इजा कमी होतात, हे ते दाखवतात. मग संघ तो का करत नाहीत, या प्रश्नाचा पाठपुरावा करतात. उत्तर एवढेच की सरावाचा तास सव्वा तासाचा असतो आणि वीस मिनिटे गेली तर सामने कधी खेळणार! इथे कुठलेही गूढ नाही. म्हणून पुस्तक थोडे कोरडे वाटते आणि म्हणूनच ते खरे आहे.

क्रिकेटवाल्या घरांसाठी वेगवान गोलंदाजांची पाठ म्हणजे पिचरांचे कोपर. पॅट कमिन्स नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, एका डावात सहा बळी घेऊन सामनावीर ठरला, आणि दुसरी कसोटी खेळला ती मार्च २०१७ मध्ये रांचीला. मधली पाच वर्षे मुख्यतः पाठीच्या ताणाने होणाऱ्या अस्थिभंगात गेली. वाढत्या वयात मणक्याच्या मागच्या कमानीचे हाड पुरते पक्के झालेले नसते. सपाटून गोलंदाजी केली की तिथे बारीक तडा जातो. कमिन्समागे एका श्रीमंत क्रिकेट मंडळाचे डॉक्टर होते आणि थांबायला वेळ होता. आमच्या भागातला चौदा वर्षांचा गोलंदाज शुक्रवारी अकादमीत, शनिवारी एका लीगमध्ये आणि रविवारी दुसऱ्या लीगमध्ये षटके टाकतो. तीन वह्या!

याच संदर्भात सौरभ नेत्रवळकरचे नाव घ्यावेसे वाटते. २०१० चा एकोणीस वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेला, मुंबईसाठी रणजीचा सामना खेळलेला हा डावखुरा गोलंदाज २०१५ मध्ये कॉर्नेलला शिकायला आला, ऑरॅकलमध्ये इंजिनियर झाला, आणि ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकून त्याने अमेरिकेला जिंकून दिले. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. त्या दिवशी आपल्या घराघरांतून झालेला आरडाओरडा आठवत असेल. एका उदाहरणावरून सिद्धांत काढू नये, हे मला कळते. पण अठराव्या वर्षी निवड झाली नाही तर सगळे संपले, अशा हिशेबाने जी घरे चालतात त्यांच्यापुढे हे एक उलटे उदाहरण निदान टेबलावर असू द्यावे.

पुन्हा 'द आर्म'कडे. त्यातली माझी शेवटची तक्रार निवडीची आहे. हडसन आणि कॉफी हे दोघेही तिशीच्या आसपासचे, कमावते, आपल्या इच्छेने दुसऱ्यांदा टेबलावर झोपलेले पुरुष. परंतु २००७ ते २०११ या काळातल्या खासगी विम्याच्या नोंदींवरून असे दिसले की अमेरिकेतल्या टॉमी जॉन शस्त्रक्रियांपैकी जवळपास ५७ टक्के १५ ते १९ वयाच्या मुलांवरच्या होत्या. हा अभ्यास २०१५ चा. म्हणजे या शस्त्रक्रियेचा खरा नायक पगारी पिचर नसून हायस्कूलचा मुलगा आहे, आणि तो पुस्तकात येतो तो जाता जाता. २०१२ मधल्या एका पाहणीत निम्म्याहून जास्त, ५१ टक्के, हायस्कूल खेळाडूंना वाटत होते की हात दुखावला नसला तरी खेळ सुधारण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घ्यावी. पालकांत हे प्रमाण ३७ टक्के आणि प्रशिक्षकांत ३०. हे आकडे वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवून चहा करायला उठले.

पासन यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. चेंडूंवर मर्यादा आल्या तरी हात तुटणे थांबले नाही, आणि वेगाकडे त्यांनी तेव्हाच बोट दाखवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने स्वतःच मोठा अहवाल काढला आणि वाढता वेग व प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय यांना मुख्य कारणांत धरले. सरळ वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ झाला. अहवालाने लहान मुलांच्या शोकेसचाही उल्लेख टाळलेला नाही. ताणाची वारंवारिता कमी केली आणि ताण वाढवला, तर पट्टी तुटतेच. फक्त वेगळ्या फेरीत.

हडसनचे पुढे काय झाले ते पुस्तकात नाही, म्हणून सांगते. ३० ऑक्टोबर २०१९ रोजी वॉशिंग्टन नॅशनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा शेवटचा चेंडू त्याने टाकला. २०२४ मध्ये डॉजर्सबरोबर पुन्हा अजिंक्यपद मिळवून तो निवृत्त झाला. कॉफीला मेजर लीगमध्ये परतता आले नाही.

तिन्ही पुस्तके गावोगावच्या लायब्ररीत मिळतात. ज्यांच्या मुली सॉकर किंवा बास्केटबॉल खेळतात त्यांनी 'वॉरियर गर्ल्स'पासून सुरुवात करावी, आणि त्यातला व्यायामाचा भाग सरळ प्रशिक्षकांच्या हातात द्यावा. हायमन यांचे पुस्तक दोन संध्याकाळींत होते. 'द आर्म' सुट्टीत वाचावे, जपानचे प्रकरण आधी, आणि शक्य तर मुलाच्या हाती देऊ नये. माझ्या मुलाने ते माझ्या टेबलावरून उचलून नेले आहे आणि तो सध्या हडसनच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचला आहे.